आना ओ. : ‘बरी झाली’ असे लिहिले गेलेल्या रुग्णाचे प्रकरण

फोटोत एक तरुणी घोडेस्वारीच्या पोशाखात उभी आहे. अंगाने निरोगी, खेळाडू वाटावी अशी. फोटोवर साल दाबून उमटवले आहे, १८८२. फोटोग्राफरचे गाव मात्र नुसत्या डोळ्यांना वाचता येत नव्हते. मनोविकारशास्त्राचा इतिहास लिहिणारे आंरी एलेनबर्गर कॅनडात होते. त्यांनी तो फोटो माँट्रियल पोलिसांच्या प्रयोगशाळेत दिला. विशेष प्रकाशाखाली धरल्यावर अक्षरे उमटली: कॉन्स्टान्झ.

एलेनबर्गरना तेवढा धागा पुरला. या तरुणीबद्दल तोवर जे छापले गेले होते त्यानुसार १८८२ साली तिने कॉन्स्टान्झमध्ये असायचे काही कारण नव्हते. हे गाव जर्मनीच्या दक्षिण टोकाला आहे, आणि त्याला खेटून, स्वित्झर्लंडच्या हद्दीत क्रॉयत्सलिंगेन आहे. तिथे तेव्हा ‘बेलव्ह्यू’ नावाचे मनोरुग्णांचे नामांकित सॅनिटोरियम होते. एलेनबर्गरनी चौकशी केली, आणि तिथल्या जुन्या दप्तरात तिचे केसपेपर निघाले. तिच्या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी तिला पाठवताना लिहिलेला लांबलचक अहवाल आणि सॅनिटोरियमच्या डॉक्टरांनी नंतर लिहिलेली टिपणे. १९७२ साली एलेनबर्गरनी हे सगळे प्रसिद्ध केले. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘आना ओ.’ म्हणून जिची ओळख होते, जिच्यापासून मनोविश्लेषणाची सुरुवात सांगतात, ती बरी होऊन घरी गेली असे तोवर सगळे धरून चालले होते. केसपेपर वेगळेच सांगत होते.

हे प्रकरण मी सविस्तर मांडतो आहे, कारण माणसाच्या मनाविषयी आणि मज्जाविकृतीविषयी (न्यूरोसिसविषयी) सुरुवातीला जे सिद्धांत उभे राहिले, त्यांचा पाया या एका मुलीच्या दोन वर्षांच्या आजारात आहे. आणि त्या सिद्धांतांच्या हातून काय निसटले, तेही याच प्रकरणात स्पष्ट दिसते.

घर

तिचे खरे नाव बेर्था पापेनहाइम. जन्म २७ फेब्रुवारी १८५९, व्हिएन्ना. वडील झिगमुंड धान्याचे व्यापारी, मूळचे प्रेसबुर्गचे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाचे. आई रेखा फ्रँकफुर्टच्या गोल्डश्मिट घराण्यातली. सुखवस्तू, सनातनी ज्यू कुटुंब. बेर्था ही तिसरी मुलगी. दुसरी तिच्या जन्माआधीच गेलेली; सगळ्यांत थोरली, हेनरिएट, क्षयाने गेली तेव्हा बेर्था आठ वर्षांची होती. पाठचा भाऊ विल्हेल्म दीड वर्षाने लहान.

बेर्था कॅथलिक मुलींच्या शाळेत शिकली आणि सोळाव्या वर्षी तिची शाळा संपली. भाऊ पुढे शिकत राहिला, विद्यापीठात कायदा शिकला. तिच्या वाट्याला भरतकाम, पियानो, घोडेस्वारी, कोषेर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनी चालणाऱ्या, स्वयंपाकघराची देखरेख आणि लग्नाची वाट पाहणे आले. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन तिला येत होते. बुद्धी इतकी तल्लख की डॉक्टरांनी अहवालाच्या सुरुवातीलाच तिचा खास उल्लेख केला. असे डोके, आणि त्याला दिवसभरात खायला काही नाही. तिने मनातल्या मनात गोष्टी रचायला सुरुवात केली. हात घरकामात आणि मन भलतीकडे. समोरच्याने हाक मारली की ती लगेच उत्तर देई, त्यामुळे कुणाला पत्ताही लागत नसे. या आतल्या खेळाला तिने नाव ठेवले होते ‘माझे खासगी नाट्यगृह’.

१८८० च्या उन्हाळ्यात कुटुंब हवा बदलायला ऑस्ट्रियातल्याच इश्लला गेले होते. जुलैत वडील आजारी पडले. फुप्फुसाच्या आवरणाशी गळू झाले होते. आईने दिवसाची शुश्रूषा घेतली, एकवीस वर्षांच्या बेर्थाने रात्रीची.

खुर्चीवरची रात्र

शस्त्रक्रियेसाठी व्हिएन्नाहून सर्जन यायचा होता. आई थोडा वेळ बाहेर गेलेली. बेर्था वडिलांच्या पलंगाशेजारी बसलेली, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर टाकलेला. जागरणाने तिला अर्धवट गुंगी आली, आणि तिला भिंतीकडून एक काळा साप वडिलांच्या अंगावर चालून येताना दिसला. त्याला हाकलायला हात उचलावा, तर हात उचलेना. खुर्चीवर टेकून तो बधिर झाला होता. तिने हाताकडे पाहिले तर बोटांचे छोटे छोटे साप झालेले, नखांच्या जागी कवट्या. प्रार्थना म्हणायची म्हणून तोंड उघडले, शब्दच येईनात. शेवटी इंग्रजीतली लहान मुलांची एक कविता आठवली, आणि त्यानंतर तिला त्याच भाषेत विचार करता आणि प्रार्थना करता आली. सर्जनला घेऊन येणाऱ्या गाडीची शिट्टी वाजली आणि ते सगळे विरले.

नंतरच्या दोन वर्षांतली कितीतरी लक्षणे या एका रात्रीत कोंबासारखी दिसतात, म्हणून ती नीट ध्यानात ठेवावी. उजवा हात आखडणे, मातृभाषा हरवणे, इंग्रजी उरणे.

आणखी एक प्रसंग याच काळातला. ती डोळ्यांतले पाणी आवरत बसली होती. वडिलांनी मध्येच विचारले, किती वाजले? आसवांमुळे दिसेना, म्हणून तिने घड्याळ अगदी नाकाशी धरले. तबकडी प्रचंड मोठी दिसली. रडणे वडिलांना दिसू नये म्हणून तिने ते दाबले. डोळे तिरळे होणे आणि वस्तू मोठ्या दिसणे ही लक्षणे डॉक्टरांनी पुढे या क्षणाला जोडली. एका रात्री शेजारच्या घरातून नाचाचे संगीत ऐकू आले. क्षणभर वाटले, आपणही तिथे असतो तर. लगेच स्वतःचीच शरम वाटली, आणि खोकला आला. पुढे आजारपणभर ताल धरलेले कुठलेही संगीत ऐकले की तिला खोकला येई.

घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असताना रात्रीची पाळी ज्यांनी केली आहे, त्यांना ही शरम कळेल. बसून बसून पाठ मोडते, झोप अनावर होते, आणि मनात काहीही येते. त्याला वाट देता येत नाही, कारण समोरचा माणूस आपला आहे आणि मरतो आहे.

ब्रॉयर

नोव्हेंबर १८८० मध्ये खोकल्यासाठी डॉ. योझेफ ब्रॉयर यांना बोलावले. ब्रॉयर अडतीस वर्षांचे, व्हिएन्नातल्या बड्या घरांचे डॉक्टर. शिवाय पक्के शास्त्रज्ञ. श्वासाचे नियमन फुप्फुसातल्या मज्जातंतूंमार्फत कसे होते हे त्यांनी हेरिंग यांच्याबरोबर १८६८ मध्ये दाखवून दिले होते. आजही शरीरक्रियाशास्त्रात त्याला दोघांचे नाव आहे. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका शरीराचा तोल कसा राखतात, यावरही त्यांचे काम मूलभूत आहे.

११ डिसेंबरला बेर्था अंथरुणाला खिळली ती १ एप्रिलला उठली. या काळात तिची अवस्था भयंकर होती. उजवा हात, मग पाय, मग डावा हात आखडत गेला. मान वळेना. डोळे तिरळे. बोलताना आधी शब्द सापडेनात, मग व्याकरण गेले. क्रियापदे चालवता येईनात, चार-पाच भाषांतले शब्द एकमेकांत मिसळले. दोन आठवडे ती पूर्ण मुकी होती. वाचा परत आली ती मार्चमध्ये, फक्त इंग्रजीत. तिच्याशी जर्मन बोललेले तिला कळे, पण उत्तर इंग्रजीतून. फ्रेंच पुस्तक हातात दिले तर मोठ्याने वाचताना ती ते भराभर इंग्रजीत सांगे.

५ एप्रिल १८८१ ला वडील गेले. आजार वाढल्यापासून तिला त्यांच्याजवळ फारसे जाऊ दिलेले नव्हते. त्यांची प्रकृती खरी किती बिघडली आहे हेही तिच्यापासून लपवले होते. ज्याच्यासाठी रात्री जागवल्या त्याचा शेवट तिला पाहू दिला नाही. यानंतर ती माणसे ओळखीनाशी झाली. खोलीत कुणी आले तरी तिच्या लेखी ते नसे. एक ब्रॉयर तेवढे तिला सतत दिसत. तिला भरवायचे तेही त्यांनीच.

दुपारी तिला गुंगी येई, सूर्यास्तानंतर ती स्वतःच खोल समाधीसारख्या अवस्थेत जाई. या अवस्थेला तिने शब्द दिला होता ‘ढग’. ब्रॉयर यांच्या लक्षात आले की दिवसा भ्रमाच्या झटक्यात ती जे शब्द पुटपुटते, त्यांतला एखादा संध्याकाळी तिच्यासमोर उच्चारला की ती त्यावरून गोष्ट सांगू लागते. गोष्टी बहुधा दुःखी असत. सुरुवातीला बहुतेक वेळा एक मुलगी आजाऱ्याच्या उशाशी काळजीत बसलेली असे. गोष्ट सांगून झाली की ती शांत होई, दुसरा दिवस बरा जाई. गोष्ट राहून गेली तर दुसऱ्या दिवशी हाल. वडील गेल्यावर गोष्टी आटल्या आणि त्यांच्या जागी भीषण भास आले. तेही बोलून टाकले की मन मोकळे होई.

आत्महत्येची भीती होती म्हणून ७ जून १८८१ ला तिला तिच्या इच्छेविरुद्ध शहराबाहेर, इन्झर्सडॉर्फला हलवले. ब्रॉयर दर दोन-तीन दिवसांनी जात. तिथले एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिन्हीसांजेला ब्रॉयर येत, पण ती बोलायला लागत नसे. आधी त्यांचे हात हातात घेऊन चाचपून बघे. हेच ते डॉक्टर, याची बोटांनी खात्री पटली की मग गोष्ट सुरू.

या बोलण्याला तिने दोन नावे दिली. तेव्हा ती इंग्रजीच बोलत असल्याने नावेही इंग्रजीच, ‘टॉकिंग क्युअर’ आणि थट्टेच्या सुरात ‘चिम्नी स्वीपिंग’. बोलून बरे होणे आणि धुरांडे झाडणे. मनोविश्लेषणाच्या शंभराहून जास्त वर्षांच्या व्यवहाराचे नाव रुग्णाने ठेवले आहे, डॉक्टरने नाही.

पाण्याचा पेला

त्या उन्हाळ्यात उकाडा फार होता. बेर्थाला तहान लागे, पेला हातात घेई, आणि ओठाला लागताच ढकलून देई. का, ते तिलाही सांगता येईना. सुमारे सहा आठवडे ती कलिंगड, टरबुजासारख्या फळांवर राहिली.

एका संध्याकाळी संमोहनात ती तिच्या सोबतीला ठेवलेल्या इंग्रज बाईविषयी कुरकुरू लागली. ती बाई तिला आवडत नसे. मग किळस येत येत तिने सांगितले, की एकदा ती त्या बाईच्या खोलीत गेली तर बाईंचे कुत्रे पेल्यातले पाणी पीत होते. बेर्था काही बोलली नव्हती. असे बोलणे शिष्टाचारात बसत नाही. आता तिने अडवून ठेवलेला सगळा राग ओकला, पाणी मागितले, भरपूर पाणी प्यायली आणि संमोहनातून जागी झाली ती पेला ओठाला लावूनच. तो त्रास पुन्हा झाला नाही.

ब्रॉयर यांना इथे पद्धत सापडली. एकेक लक्षण घ्यायचे, ते जेव्हा जेव्हा झाले तो प्रत्येक प्रसंग उलट्या क्रमाने आठवायला लावायचा, आणि अगदी पहिल्या प्रसंगापाशी पोचायचे. पहिला प्रसंग भावनेसकट सांगून झाला की लक्षण सुटते. काम प्रचंड किचकट. कुणी आत आले तरी तिला ऐकू येत नसे, एवढ्या एका तक्रारीचे १०८ प्रसंग नोंदले गेले. १८८१ च्या डिसेंबरपासून तर ती दिवसाचा काही भाग बरोबर एक वर्षापूर्वीच्या त्याच तारखेत जगू लागली. आईने आजारपणात डायरी ठेवली होती. ती काढून ब्रॉयर यांनी ताळा केला, आणि प्रसंग जुळले.

शेवटची तारीख बेर्थाने स्वतः ठरवली. ७ जून १८८२, इन्झर्सडॉर्फला नेल्याला एक वर्ष होत होते तो दिवस. त्या दिवशी तिने खोलीतले सामान वडिलांच्या आजारपणातल्या खोलीसारखे मांडले आणि काळ्या सापाची रात्र पूर्ण सांगितली. १८९५ साली छापलेल्या वृत्तांतात ब्रॉयर लिहितात की यानंतर ती जर्मन बोलू लागली, लक्षणांतून मोकळी झाली, व्हिएन्ना सोडून प्रवासाला गेली. मनाचा तोल पूर्ण सावरायला आणखी बराच काळ लागला, पण त्यानंतर तिची तब्येत उत्तम आहे.

केसपेपर काय सांगतात

१२ जुलै १८८२. म्हणजे ‘शेवटच्या दिवसा’नंतर सव्वा महिन्याच्या आत बेर्था क्रॉयत्सलिंगेनच्या बेलव्ह्यूत दाखल झाली. २९ ऑक्टोबरपर्यंत तिथे होती. झोपेसाठी क्लोरल आणि चेहऱ्याच्या तीव्र मज्जाशूळासाठी मॉर्फिन देता देता तिला मॉर्फिनचे व्यसन लागले होते. ते तोडायचा प्रयत्न तिथे झाला, फळला नाही. संध्याकाळी अंथरुणाला टेकल्यावर तिची जर्मन भाषा अजूनही नाहीशी होत होती. फोटो त्याच मुक्कामातला.

पुढे १८८३ ते १८८७ या काळात ती आणखी तीनदा इन्झर्सडॉर्फच्या सॅनिटोरियममध्ये राहून आली. ऑगस्ट १८८३ मध्ये, पुढे मनोविश्लेषण उभे करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड यांनी वाग्दत्त वधू मार्था बर्नाइस यांना लिहिलेल्या पत्रात आहे, की ब्रॉयर सतत बेर्थाविषयी बोलतात, ती मेली तर बिचारी सुटेल असे म्हणतात. मार्था बेर्थाला ओळखत होत्या. लग्नानंतर १८८७ मध्ये त्यांनी आईला कळवले, की बेर्था दिवसा नीट असते, पण संध्याकाळ झाली की तिला अजून भास होतात.

म्हणजे १८९५ चे ते वाक्य लिहिताना ब्रॉयर यांना सगळे माहीत होते. फ्रॉइडनाही होते. तरी ‘हिस्टेरियावरील अभ्यास’ या दोघांच्या ग्रंथात पहिला रुग्ण म्हणून आना ओ. आली, आणि १९०९ मध्ये अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात व्याख्याने देताना फ्रॉइडनी नव्या शास्त्राची सुरुवात याच प्रकरणापासून सांगितली. कुठल्याही उपचारपद्धतीचा पहिला दाखला म्हणून बरा न झालेला रुग्ण बरा झाला असे छापणे, ही माझ्या मते गंभीर चूक आहे. ती त्या काळातली पद्धत होती असे म्हणून सोडून देता येत नाही. ब्रॉयर यांनी श्वासाच्या प्रयोगांत अशी नोंद कधीच केली नसती.

आणखी एक दंतकथा इथेच निपटावी. फ्रॉइडचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांनी १९५३ मध्ये बेर्थाचे नाव उघड केले आणि सोबत एक गोष्टही दिली. बेर्थाला भासमय गर्भारपण झाले, ब्रॉयर घाबरून पळाले, बायकोला घेऊन व्हेनिसला गेले आणि तिथे बायकोला दिवस गेले, तीच त्यांची मुलगी डोरा. डोराचा जन्म ११ मार्च १८८२ चा आहे. उपचार संपले जूनमध्ये. तारखाच ही गोष्ट खोटी पाडतात, तरी ती अजून वर्गावर्गांतून सांगितली जाते. बेर्थाच्या आजारापेक्षा तिच्याविषयीच्या अफवेला जास्त आयुष्य मिळावे, याचा मला फार राग येतो.

सिद्धांत

बेर्थासारख्या लक्षणांना तेव्हा हिस्टेरिया म्हणत. त्या वेळी हिस्टेरियाकडे कसे पाहत? शब्दच मुळी ग्रीक भाषेतल्या गर्भाशयावरून आलेला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को त्याला मज्जासंस्थेचा आनुवंशिक आजार मानत आणि संमोहनाने लक्षणे उभी करून दाखवत. अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ पासून ‘न्यूरॅस्थेनिया’ मांडला होता. मज्जाशक्ती ही साठवलेल्या पुंजीसारखी, आधुनिक जगण्यात ती खर्चून संपते. आणि पुष्कळ डॉक्टरांचे साधे मत होते, की बाई सोंग करते. हे शेवटचे मत आपल्याकडेही अनोळखी नाही. ‘तिला हिस्टेरिया आहे’ हे वाक्य घराघरांत कोणत्या सुरात उच्चारले जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

ब्रॉयर यांनी हे सोंग मानले नाही. लक्षणाला अर्थ आहे, त्याला तारीख आहे, आणि तो अर्थ रुग्णालाच विचारावा लागतो, हे त्यांनी धरले. ही फार मोठी झेप होती. १८९३ च्या संयुक्त लेखात दोघांनी लिहिले, की हिस्टेरियाचे रुग्ण मुख्यतः आठवणींनी पीडित असतात. भावना जिथल्या तिथे व्यक्त झाली नाही, तर ती अडकून राहते आणि शरीरातून वाट काढते. तिला वाट करून देणे म्हणजे उपचार. पद्धतीचे नाव त्यांनी ॲरिस्टॉटलच्या शोकांतिकेच्या विवेचनातून घेतले, कॅथार्सिस. मराठी समीक्षेने या शब्दासाठी आयुर्वेदातला ‘विरेचन’ घेतला, आणि तो चपखल आहे, कारण ग्रीक शब्दातही वैद्याचा जुलाब आहेच. मार्था फ्रॉइड यांचे काका याकोब बर्नाइस यांनी १८५७ मध्येच ॲरिस्टॉटलचा हा शब्द वैद्यकीय अर्थाने वाचला पाहिजे असे प्रतिपादन केले होते.

मग माणूस म्हणजे काय? ब्रॉयर यांचे उत्तर शरीरशास्त्रज्ञाचे. मेंदूत उत्तेजनाचा एक ठरावीक दाब कायम असतो, तारेत वीज खेळती असावी तसा. त्यांनी टेलिफोनच्या तारेची आणि विजेच्या दिव्यांच्या यंत्रणेची उपमा दिली आहे. दाब वाढला की रडून, बोलून, हालचालीने तो उतरतो. काही माणसांत, विशेषतः दिवास्वप्नांची सवय असलेल्यांत, अर्धवट संमोहित अवस्था येतात. त्या अवस्थेत बसलेला धक्का जागेपणीच्या मनापासून तुटून राहतो. साप दिसला ती रात्र अशी.

फ्रॉइडना हे पुरेसे वाटले नाही. ते म्हणाले, आठवण आपोआप तुटत नाही, मन तिला हाकलते. सहन होत नाही म्हणून दडपते. इथून दमनाची कल्पना निघाली आणि माणूस म्हणजे आतल्या आत लढाई, हे चित्र उभे राहिले. दडपलेले शेवटी लैंगिक असते, असे ते ठामपणे म्हणू लागले तेव्हा ब्रॉयर दूर झाले. त्यांनी स्वतः तर नोंदले होते की या रुग्णात लैंगिकतेचा अंश आश्चर्य वाटावे इतका अविकसित आहे. फ्रान्समध्ये पिएर जाने यांनी तुटलेपणाचे वर्णन आधीच केले होते, पण त्यांच्या मते ही मनाची दुर्बलता, सगळे एकत्र बांधून धरण्याची शक्ती कमी पडणे. आल्फ्रेड आडलर १९११ मध्ये फ्रॉइडपासून वेगळे झाले. त्यांनी मूळ कामवासनेत न शोधता न्यूनत्वाच्या जाणिवेत शोधले, आणि माणूस समाजात आपली जागा शोधतो तिथे शोधले.

बेर्थाकडे पाहता मला आडलर सगळ्यांत जवळ जातात असे वाटते, पण त्यांनाही पुरते सापडले असे म्हणवत नाही. आजार खरोखर कुठला होता यावर नंतरही मते येत राहिली. क्षयाचा मेंदूज्वर, अपस्मार, शोकाने आलेले नैराश्य, औषधांचा परिणाम, डॉक्टर आणि रुग्ण मिळून घडवलेले नाट्य. शव तपासता येत नाही, रुग्ण विचारता येत नाही, तेव्हा यातले काहीही शेवटचे नाही.

माझे म्हणणे वेगळ्या ठिकाणी आहे. ब्रॉयर यांच्या वृत्तांताचे पहिले पान उघडावे. कंटाळवाणे, एकसुरी घरगुती आयुष्य, न वापरलेली बुद्धी, त्यातून लागलेली दिवास्वप्नांची सवय, हे त्यांनी स्वतः तिथे लिहिले आहे. १८८२ च्या अहवालात तर असेही आहे, की ती मुळीच श्रद्धाळू नव्हती, वडिलांसाठी सगळे धार्मिक आचार काटेकोर पाळत होती. म्हणजे ज्या घरात ती दिवसरात्र कोंडली होती, त्या घराच्या देवावरही तिचा विश्वास नव्हता, आणि ते बोलायची सोय नव्हती. ब्रॉयर यांना हे दिसले, त्यांनी टिपले, आणि मग ‘पूर्वप्रवृत्ती’ या सदरात टाकून पुढे सरकले. कारण शोधायचे ते मेंदूच्या दाबात. फ्रॉइडनी शोधले ते इच्छेत. सोळाव्या वर्षी दप्तर बंद झाले, भावाचे झाले नाही, हे दोघांच्याही सिद्धांतात कारण म्हणून येत नाही. तिचा स्वभाव तपासला गेला, तिची परिस्थिती नुसती नोंदली गेली. कुत्र्याच्या पेल्याच्या गोष्टीतही राग कुणावर होता हे विचारले, पण सभ्य मुलीने राग गिळायचा असतो हा नियम कुठून आला ते विचारले नाही.

त्यानंतर

नोव्हेंबर १८८८ मध्ये मायलेकी फ्रँकफुर्टला गेल्या. ते आईचे माहेर. नातलग समाजकार्यात गुंतलेले, वातावरण व्हिएन्नापेक्षा मोकळे. बेर्था गरिबांच्या सूपकेंद्रात वाढायला उभी राहू लागली, मग अनाथाश्रमातल्या मुलींना गोष्टी सांगू लागली. तोच गोष्टींचा झरा, आता ऐकणारे वेगळे. तिने लहान मुलांच्या गोष्टींचे पुस्तक निनावी छापले. १८९० मध्ये दुसरे, ‘पी. बेर्थोल्ड’ या पुरुषी नावाने. १८९५ मध्ये ती त्या अनाथाश्रमाची प्रमुख झाली आणि बारा वर्षे राहिली. ज्या साली आना ओ. छापून आली, तेच हे साल.

१८९९ मध्ये तिने मेरी वोलस्टनक्राफ्ट यांचे स्त्रियांच्या हक्कांवरचे पुस्तक जर्मनमध्ये आणले. आजारपणात मातृभाषेच्या जागी येऊन बसलेली इंग्रजी तिने अशी कामाला लावली. १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना स्थापन करण्यात ती पुढे होती आणि तिची पहिली अध्यक्षही. देहविक्रयासाठी पळवल्या जाणाऱ्या ज्यू मुलींचा माग काढत ती पूर्व युरोपातला गॅलिशिया, बाल्कन, मध्यपूर्व फिरली. या व्यापारात ज्यू दलालही आहेत हे तिने जाहीरपणे मांडले तेव्हा समाजातल्या पुढाऱ्यांना ते झोंबले. तिने माघार घेतली नाही. १९०७ मध्ये फ्रँकफुर्टजवळ नॉय-इझेनबुर्गला तिने अविवाहित माता, त्यांची मुले आणि धोक्यात असलेल्या मुली यांच्यासाठी घर उघडले आणि ते जवळजवळ तीस वर्षे चालवले.

१९३६ च्या एप्रिलमध्ये, कर्करोगाने खंगलेली असताना, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिला चौकशीला बोलावले. ती गेली, उत्तरे दिली. २८ मे १९३६ ला ती वारली. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्या घराला आग लावली गेली. १९४२ मध्ये ते बंद पाडले आणि तिथे उरलेल्यांना छावण्यांकडे पाठवले.

ही ‘बरी झालेली’ बेर्था कुणाच्या उपचाराने घडली, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात. मी त्यांना दोन्ही सांगतो. दीड वर्ष एका माणसाने संध्याकाळी येऊन तिचे ऐकले, तिला खोटी ठरवले नाही, आपले हात चाचपू दिले. हे काही कमी नाही, आणि त्या काळात तर नव्हतेच. आणि दुसरे, की ती उभी राहिली ती तिला काम मिळाले तेव्हा.

ती स्वतः व्हिएन्नातल्या त्या वर्षांविषयी बोलत नसे. तिच्या चरित्रकार डोरा एडिंगर यांनी नोंदवले आहे, की तिच्या देखरेखीखालच्या मुलींपैकी कुणाला मनोविश्लेषणाचा उपचार द्यावा असे कुणी सुचवले, की ती कडाडून विरोध करी. तिच्या मते डॉक्टरच्या हातातले हे साधन पाद्र्याच्या हातातल्या पापनिवेदनासारखे, वापरणाऱ्यावर ठरणार, औजार की दुधारी तलवार.